सर्दीला साधी म्हणण्यापूर्वी

पळस्पे फाट्यावर पुण्याचा जुना महामार्ग, गोव्याचा रस्ता आणि जेएनपीटी बंदराकडून येणारा कंटेनरचा रस्ता एकमेकांना मिळतात. डिझेलवर चालणारी अवजड वाहने इथे रात्रीही थांबत नाहीत. याच धुरात आसपासची मुले शाळेत जातात. जूनमध्ये शाळा उघडतात, पाऊस लागतो, आणि सर्दी घरोघर फिरू लागते. बहुतेकांची ती आठवड्यात जाते. दमेकरी मुलाची मात्र छातीत उतरते. आपण म्हणतो, हवा बदलली, थंड खाल्ले. खरे कारण बहुधा वेगळे असते.

१९९५ साली ब्रिटनमधील शाळकरी मुलांच्या अभ्यासात दमा उसळण्याच्या ८० ते ८५ टक्के प्रसंगांत श्वसनमार्गात विषाणू सापडले. त्यांत सर्वाधिक होता सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस. मग एकच विषाणू एकाला नुसत्या शिंका आणि दुसऱ्याला धाप का देतो?

उत्तराचा मोठा भाग श्वासनलिकेच्या अस्तरात आहे. निरोगी पेशीत विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते आणि विषाणूची वाढ होण्याआधी स्वतः मरून जाते. २००५ मध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांना दमेकऱ्यांच्या पेशींत हे दोन्ही कमी पडताना दिसले. इंटरफेरॉन अपुरे, पेशी मरत नाहीत, आणि विषाणू अनेक पटींनी वाढतो. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा दोष सारखा आढळला नाही. पण विषाणू वाढत असताना दमेकऱ्याच्या अस्तरातून आयएल-३३सारखे धोक्याचे संदेश सुटतात, सूज आणि कफ वाढतो, स्नायू आवळतात. म्हणजे पहारा ढिला आणि आरडाओरडा मात्र जास्त.

धुराने यात भर पडते. दमा असलेल्या मुलांनी विषाणूच्या लागणीआधीच्या आठवड्यात नायट्रोजन डायऑक्साइड अधिक श्वासात घेतला असेल, तर येणारा झटका अधिक तीव्र असतो, हे २००३ साली ब्रिटनमध्येच दिसून आले. हा वायू वाहनांच्या, विशेषतः डिझेलच्या धुरातून येतो. म्हणून महामार्गालगतच्या वस्तीत सर्दीकडे दुर्लक्ष करणे अधिक महागात पडू शकते.

तरीही आपल्याकडे दम्याच्या पंपाला भितात. ‘सवय लागेल’ म्हणून रोजचा स्टेरॉइडचा पंप मूल बरे दिसताच बंद होतो आणि धाप लागली की तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर भिस्त ठेवली जाते. तो स्नायू सैल करतो, अस्तराची सूज उतरवत नाही. किशोरवयीन आणि प्रौढ दमेकऱ्यांनी नुसत्या त्याच्यावर विसंबू नये, असे दम्यावरील जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. पंपातून जाणारा स्टेरॉइडचा डोस अल्प असतो आणि त्याची चटक लागत नाही. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिकचाही उपयोग नाही.

मृगाआधी आपण छप्पर शाकारतो, कारण गळू लागल्यावर शाकारता येत नाही. श्वासनलिकेचे अस्तरही असेच आधी जपावे लागते. मे महिन्यातच डॉक्टरांना भेटावे, पंप ओढण्याची पद्धत तपासून घ्यावी, सर्दी झाल्यास काय करायचे ते लिहून घ्यावे. बोलताना धाप लागत असेल, बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एवढे घराच्या हाती आहे. रस्त्यावरचा धूर मात्र एकट्या आईबापांना आवरणार नाही. तो कमी करणे ही रस्ते आणि वाहतूक सांभाळणाऱ्यांची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडण्याची मागणी आपण त्यांच्याकडे केली पाहिजे.