जीर्ण रुग्णालये : असाध्य नव्हे, याप्य

१९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात हैदराबादचे अफझलगंज रुग्णालय उद्ध्वस्त झाले. त्याची जागा पुढे सातव्या निजामाच्या कारकिर्दीत, व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या उस्मानिया रुग्णालयाने घेतली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. म्हणून ही वास्तू आपणांस परकी नव्हे. वारसा यादीत नाव असूनही २०१५ मध्ये ती पाडण्याचा प्रस्ताव पुढे आला. जुलै २०२० मध्ये वॉर्डांत पाणी शिरले व जुनी इमारत रिकामी करण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये नव्या रुग्णालयाची पायाभरणी गोशामहल येथे झाली.

रुग्णांना सुरक्षित जागा हवी, याविषयी दुमत नाही. परंतु नवे उभारण्यासाठी जुने पाडणे अपरिहार्य नसते, हेच गोशामहलने दाखविले.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात याप्य व्याधीच्या रुग्णाला, नीट टेकू दिलेल्या पडाऊ घराची उपमा दिली आहे. उपचार चालू असेतोवर तो तगतो. वारसा दर्जा हे निदान. नियमित डागडुजी ही चिकित्सा. निदान होऊनही चिकित्सा झाली नाही, तर रुग्णाला असाध्य कसे ठरवावे?

आपल्या जुन्या आयुर्वेद रुग्णालयांचा, धर्मार्थ दवाखान्यांचा व औषधशाळांचा विचार याच दृष्टीने व्हावा. प्रत्येक शाखेने अशा वास्तूंचे बांधकाम-वर्ष, नकाशे व छायाचित्रे जमवून वारसा यादीसाठी स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडे प्रस्ताव द्यावा. औषधशाळांच्या मालकांनी आपले जुने दप्तर त्यासाठी खुले करावे. पाडकामाची नोटीस म्हणजे अरिष्टलक्षण. त्यानंतरची धावपळ बहुधा व्यर्थच ठरते.