खुलताबादच्या पुढे

मुलांनो, सुट्टीतल्या सहलीचा बेत तुमच्या घरी कोण ठरवतो? बहुतेक घरांत मोठी माणसे ठरवतात आणि मुले जीपमध्ये मागे बसून खिडकीसाठी भांडतात. माझ्या मते या बेतात तुमचाही एक शब्द असला पाहिजे. का, ते सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, सकाळी निघालो. सुमारे पंधरा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला लागला. तिथे मुलांची चंगळच झाली. अंधारीच्या भुयारात सगळे एकमेकांचा हात घट्ट धरून चालत होते. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथे आणली, संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच किल्ल्यावर किल्लेदार होते, असे मी सांगत होते. कोणी ऐकले की नाही, कोण जाणे! सर्वांचे लक्ष पायथ्याच्या सीताफळांवर होते.

पुढे खुलताबादला दर्ग्यांत फातिहा पढली. ज्याने खडकी गाव वसवले, म्हणजेच पुढचे औरंगाबाद, त्या मलिक अंबरची कबरही पाहिली. मग माझे मामूजान म्हणाले, "चला, जियारत झाली. आता परत."

माझी सातवीतली मुलगी म्हणाली, "नानाजान, वेरूळ इथून चार-पाच किलोमीटरच आहे. आमच्या पुस्तकात त्याचे चित्र आहे."

"तिथे आपले काय आहे?"

मी शिक्षिका, पण त्या वेळी गप्प बसले, हे कबूल करते. मुलगी मात्र हटली नाही. अखेर जीप पुढे गेली.

मामूजानांनी तीस वर्षे गवंडीकाम केले आहे. कैलास लेण्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. हे लेणे एकाच खडकात, वरून खाली कोरत आणले आहे, असे मुलीने त्यांना सांगितले. ते म्हणाले, "वरून खाली? आमच्या कामात वीट चुकली तर काढून दुसरी लावता येते. इथे एक घाव चुकला तर जोडणार काय?" मग ते खांबांवरचे छिन्नीचे घाव हात न लावता, वाकून वाकून पाहू लागले.

वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन मिळून चौतीस लेणी आहेत. १९८३ मध्ये त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. ती पाहिल्याने कोणाचा ईमान कमी होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कारागिराची मेहनत पाहण्यासाठी गेलेला माणूस काही गमावत नाही. उलट बाजूनेही हेच म्हणेन. वेरूळला येणाऱ्या सहलीच्या कित्येक गाड्या खुलताबादवरून न थांबता जातात. त्यांनीही मलिक अंबरच्या कबरीपाशी घटकाभर थांबावे.

तेव्हा या सुट्टीत अब्बा नकाशा काढतील तेव्हा जवळ जाऊन बसा. रस्त्यात आणखी काय काय लागते, ते विचारा. आणि हो, वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. बेत करताना तेवढे आधी सांगा.