#थ्रेड : 'मिलेनियम फाल्कन' आणि गोदीचे गाव

१/ चित्रपटातल्या यानावर जीव जडणे हा पोरकटपणा समजला जातो. 'स्टार वॉर्स'मधल्या 'मिलेनियम फाल्कन'वर माझा जीव आहे आणि त्याबद्दल मला जराही संकोच वाटत नाही. मित्रहो, हे यान काल्पनिक असले तरी त्याची बांधणी काल्पनिक नाही. तिला कारागीर आहेत, गाव आहे, इतिहास आहे.

२/ १९७७च्या पहिल्या चित्रपटासाठी या यानाचा एक लांबट आराखडा तयार होता. पण तो 'स्पेस : १९९९' या दूरचित्रवाणी मालिकेतल्या यानासारखा दिसू लागला. मग जो जॉन्स्टन यांनी नवे रूप रेखाटले : चपटी तबकडी, पुढे दोन सुळे आणि चालकाची खोली चक्क एका कडेला! जुना आराखडा वाया गेला नाही. चित्रपटाच्या आरंभी पाठलागात सापडणारे बंडखोरांचे यान ते हेच.

३/ फाल्कनच्या सुमारे पाच फुटी प्रतिकृतीवर कारागिरांनी रणगाडे, विमाने इत्यादींच्या प्लॅस्टिक खेळणीसंचांतले असंख्य सुटे भाग चिकटवले. त्यावर काजळी, ओरखडे, पोचे रंगवले. म्हणून ते यान वापरलेले, दुरुस्त केलेले, कुणाच्या तरी उपजीविकेचे साधन वाटते. चकचकीत यानाला भविष्य असते. फाल्कनला भूतकाळ आहे. इतिहासप्रेमी माणसाला ते भावते, ते यामुळेच.

४/ 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) या पुढच्या चित्रपटासाठी मात्र पूर्णाकृती फाल्कन हवे होते. ते १९७९ साली वेल्समधील पेम्ब्रोक डॉक येथे, एका जुन्या विमानशाळेत, 'मार्कन फॅब्रिकेशन्स' या कंपनीने बांधले. वजन वीस टनांहून अधिक. काम गुप्त असल्याने त्याला 'मॅजिक राउंडअबाउट' हे सांकेतिक नाव होते. गावात मात्र कुजबुज सुरू झालीच : आत उडती तबकडी बनते आहे!

५/ हे गावही साधे नव्हे. १८१४ साली येथे ब्रिटिश नौदलाची गोदी सुरू झाली. १९२६ साली ती बंद पडेपर्यंत तिथून अडीचशेहून अधिक जहाजे पाण्यात उतरली. १९३० पासून हवाई दलाचा तळ आला. पाण्यावर उतरणारी 'संडरलँड' विमाने दुसऱ्या महायुद्धात इथूनच अटलांटिकवर गस्त घालीत. त्याच तळाच्या विमानशाळेत फाल्कन आकाराला आले. जहाजे झाली, विमाने झाली, मग अंतराळयान. याहून सरळ वंशावळ कोणती?

६/ पुढे ते तुकड्या-तुकड्यांनी लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत नेऊन जोडले गेले. चित्रीकरण झाले, आणि कालांतराने मोडीत निघाले. पाच फुटी प्रतिकृती आज जतन केलेली आहे. वीस टनांचे यान नाही. पहिल्या चित्रपटात ल्यूक त्याला पाहताक्षणी भंगार ठरवतो. वास्तवात तेच त्याच्या नशिबी आले.

७/ कुणी म्हणेल, तो चित्रपटाचा देखावाच होता. काम सरले की मोडायचा. एवढी अजस्र वस्तू ठेवायची तरी कुठे? आक्षेप रास्त आहे. पण निवड कशी झाली ते पाहा. जे कलावंताच्या टेबलावर घडले ते 'कलाकृती' ठरले. जे कारखान्यात वेल्डरच्या हातून घडले ते 'सामान' ठरले. ही फूटपट्टी केवळ चित्रपटसृष्टीची नाही. राजमुद्रा जपल्या जातात, भाते-ऐरणी विकल्या जातात.

८/ पेम्ब्रोक डॉकच्या वारसा केंद्राने या बांधणीवर प्रदर्शन मांडले आहे, ही समाधानाची गोष्ट. यान उरले नाही, तरी ते घडवणाऱ्यांची आठवण उरू शकते. मात्र ती वेळीच विचारून, लिहून घ्यावी लागते. माझ्या लेखी फाल्कनवर प्रेम करणे म्हणजे हॅन सोलोइतकेच त्या अनामिक जोडाऱ्यांवरही प्रेम करणे. कथेत त्या यानाला सोलोने उडवले. जमिनीवर त्याला उभे केले ते त्यांनी.