बारीक रेषेचा भरवसा

देखणे अक्षर वाचता येतेच असे नाही, हे मला कोरेगाव भीमा येथे कळले. १ जानेवारीला जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लोटणाऱ्या गर्दीत आम्ही काही मुलांनी पाणपोई घातली होती. तिच्या फलकाचे काम माझ्याकडे आले. (वर्गात माझे हस्ताक्षर बरे समजतात, त्याची ही शिक्षा!) मी ‘रोझा वन’ हा टाइप निवडला.

इंडियन टाइप फाउंड्रीचा हा टाइप देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत आहे, आणि फुकट मिळतो. त्यात जाड रेषा पैलवानाच्या दंडासारखी, तर बारीक रेषा केसासारखी. ‘पाणी’ हा शब्द त्यात असा काही नटला की मी स्वतःवरच खूश झालो. या ऐटीचे मूळ घराणे इटलीतील पार्मा शहरच्या बोदोनीचे. त्याच्या अक्षरांचा नमुनाग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने १८१८ साली प्रसिद्ध केला. कोरेगावची लढाईही त्याच वर्षीच्या १ जानेवारीची! योगायोगच, दुसरे काय. पण बोदोनीला गुळगुळीत कागद होता, काळजीपूर्वक छपाई होती, आणि वाचणारा ग्रंथ हातात घेऊन बसणारा होता. माझा फलक धुळीत, उन्हात, चालत्या माणसांसाठी होता.

‘पाणी’ दुरून वाचले जाई. त्याखाली त्याच टाइपात, बोटभर उंचीची ओळ होती: ‘चुकलेल्या माणसांची चौकशी येथे’. दुपारी एक आजी नेमक्या त्या फलकाखाली येऊन म्हणाल्या, “बाळा, चुकलेल्या माणसांचं कुठं विचारायचं?” त्यांना वाचता येत होते. मी मागे जाऊन पाहिले. बारीक रेषा उन्हात विरून गेल्या होत्या. उभे दंड तेवढे कुंपणाच्या खांबांसारखे उरले होते. ज्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे वाचली जावीत म्हणून दगडात कोरली, त्याच्याजवळच माझी ही कलाकुसर!

मित्र म्हणाले, असला टाइप वापरूच नये. मला हे पटत नाही. मथळ्याला नटण्याचा हक्क आहे. सारीच अक्षरे सरकारी नोटिशीसारखी कशाला? पण मजकुराची जात वेगळी. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे जुने पुस्तक उघडून पाहावे. बोरूच्या वळणाचा जाडबारीकपणा त्या खिळ्यांतही आहे, पण बारीक रेषा कागदावर टिकेल इतकी अंगाने भरलेली आहे. पानेच्या पाने वाचून डोळा थकत नाही. सौंदर्य तेथेही आहे, फक्त ते पुढे पुढे करीत नाही.

तेव्हा आपल्या वार्षिकाचे मुखपृष्ठ खुशाल ‘रोझा’त सजवा. आत लेखकांची नावे मात्र साध्या टाइपात असू द्या.

आजींचा मुलगा तासाभराने सापडला. तोवर खालची ओळ मी जाड ब्रशने, हातानेच पुन्हा लिहून काढली होती.