बांधाला कात्री, गाळाला अनुदान



अंदाजपत्रकात पैसा कमी पडला की कात्री कुठे चालते? मंत्र्यांच्या गाड्यांवर नाही, मोठा ठेकेदार पाठीशी असलेल्या कामावर तर नाहीच. ती चालते बांधावर. समतल चराला फीत कापायला कोण येणार?

हिशेब पाहा. 2009-10 ते 2014-15 या काळात केंद्राने एकात्मिक पाणलोट कार्यक्रमात देशभर 6,382 प्रकल्प मंजूर केले. क्षेत्र सुमारे 2 कोटी 95 लाख हेक्टर. त्यानंतर 2021 पर्यंत नवा प्रकल्प एकही नाही. मध्यंतरी कार्यक्रमाचे नाव बदलून तो प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेत घातला, केंद्राचा वाटा शेकडा 90 वरून 60 वर आणला, आणि जे प्रकल्प सुरूच झाले नव्हते ते राज्यांच्या गळ्यात मारले. 2021 ते 2026 च्या दुसऱ्या टप्प्याचे उद्दिष्ट 49 लाख 50 हजार हेक्टर, म्हणजे आधीच्या मंजुरीचा सहावा हिस्सा. सपाट मुलखातला हेक्टरी दर 12 हजारांचा 22 हजार केला, हे खरे. पण तेवढ्या काळात डिझेल आणि मजुरी कुठे गेली ते तुम्हाला सांगायला नको. याला दिल्लीत कपात म्हणत नाहीत, पुनर्रचना म्हणतात.

मुंबईचा खेळ वेगळा. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार आले. माथा ते पायथा हे शास्त्र सगळ्यांनाच पाठ होते. पण बऱ्याच ठिकाणी काम पायथ्याला सुरू झाले आणि पायथ्यालाच संपले. नाला खोलीकरणाला पोकलेन लागतो, तासावर बिल निघते. माथ्यावरच्या चराला माणसे लागतात. 9,633 कोटी खर्चून भूजल वाढवण्यात फारसे यश नाही, असा ठपका 2020 मध्ये कॅगने ठेवला. एका सरकारने चौकशी लावली, पुढच्याने 2.0 चा आकडा लावला. चौकशीने किंवा आकड्याने माती थांबत नाही.

हे मी मुळशीतून लिहितो आहे. भाताच्या तालुक्याचे आम्हा कापूस-ज्वारीवाल्यांना काय, असे म्हणू नका. ताम्हिणीला पाऊस पाच-सहा हजार मिलिमीटर, मंगळवेढ्याला पाचशेच्या आसपास. मुळशी धरणाचे पाणी टाटांच्या वीजघरासाठी कोकणात भिऱ्याला उतरते. पण धरणाखालच्या डोंगरांचे ओढे मुळेला मिळतात, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनीला. इथले उतार बंगल्यांच्या प्लॉटसाठी जेसीबीने कापले जातात. मोसे खोऱ्यात लवासा उभे राहिले. 2010 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, 2011 मध्ये अटी घालून परवानगी दिली. उघडी पडलेली माती पहिल्याच जोराच्या पावसात खाली निघते. सोलापूरचा ज्वारीवाला ज्या पाण्यावर डोळे लावून बसतो, त्या पाण्याची जागा ही माती खाते.

आता सरकारचे शहाणपण. मे 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. 2023 मध्ये ती नव्याने सुरू करताना गाळ वाहून नेण्यासाठी अल्पभूधारकांना अनुदानही ठेवले. गाळ काढू नये असे मी म्हणत नाही. घ्या, रानात टाका. पण एकरावरून एक मिलिमीटर, म्हणजे नखाएवढ्या जाडीची माती वाहिली तर ती चार घनमीटर, जवळजवळ दीड ब्रास होते. आणि आधी जाते ती बारीक, कसदार माती. मागे उरतो मुरूम. ती रानातच धरायला कप्पेबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी आणि वरच्या अंगाला चर पुरतात. तलावात गेल्यावर काढायला पोकलेन आणि टिपर. ठेकेदार कुठल्या कामात आहे ते बघा, म्हणजे पैसा कुठे जातो ते कळेल.

‘सरकारने शेतीतून हात काढावा म्हणणारे तुम्ही, आता बांधाला पैसे मागता?’ असा टोमणा एका कार्यालयात मला ऐकवला गेला. सोलापूरला 1933 पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन झाले, त्यातून बांधबंदिस्ती पुढे आली आणि 1942 मध्ये मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा झाला. त्या कायद्यात बांधाचा खर्च जमीनधारकाकडून वसूल करण्याची तरतूद होती. बांध आम्ही फुकट घेतले नाहीत. पुढे ज्वारीवर लेव्ही बसली, 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदीत घालावा लागला. बांधात घालायची गंगाजळी तिथे गेली. माझ्या बांधाने माझे रान वाचते, तसे उजनीचे आयुष्यही वाढते आणि शहराचे नळही चालतात. दुसऱ्याच्या फायद्याचा हा हिस्सा मागणे म्हणजे अनुदान मागणे नव्हे, ते बिल आहे.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपल्या पाणलोटाचा मंजूर आराखडा लेखी घेऊन यावा. गेल्या दहा वर्षांत माथ्यावर किती खर्च झाला आणि नाल्यात किती, हे वेगवेगळे मागा. एकत्र आकडा दिला तर घेऊ नका. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.