दगडी ज्वारीची भाकरी कोणाच्या ताटात?

जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२४ साली दगडी ज्वारीसही ते लाभले. तेव्हापासून बाजारपेठेचे भाट एक युक्तिवाद हिरिरीने मांडू लागले आहेत. महानगरांतील सधन वस्त्यांत कॅफे आणि निवडक खाद्यपदार्थांचे दालन एकाच छपराखाली थाटले जाते. कॉफीचे घुटके घेता घेता तेथील ग्राहक ज्वारीची बिस्किटे आणि मोसंबीचा मुरंबा विकत घेतो. ही चोखंदळ मागणी वाढली की बदनापूर-भोकरदनच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे दैन्य आपोआप फिटेल!

या ‘आपोआप’चा हिशेब मांडून पाहावा. केंद्र सरकारने २०२४-२५ साठी संकरित ज्वारीचा आधारभूत भाव क्विंटलला ३,३७१ रुपये ठरविला, म्हणजे किलोला ३४ रुपयांहूनही कमी. सरकारी खरेदी झाली नाही तर तोही भाव कागदावरच राहतो. तीच ज्वारी दळली, भाजली, सुबक वेष्टनात बांधली आणि काचेच्या कपाटात मांडली की किंमत अनेक पटींनी चढते. आणि यांतील एकही क्रिया पिकविणाऱ्याच्या मालकीची नसते. मानांकन नावाला संरक्षण देते, भावाला नव्हे. मालकीचा प्रश्न टाळून मागणीची स्तोत्रे गाणारे अर्थशास्त्र दुकानदाराचे असते, शेतकऱ्याचे नव्हे.

या दालनांच्या जागेचा इतिहासही बोलका आहे. मुंबईच्या लोअर परळमध्ये २०११ साली ‘फूडहॉल’ हे उंची खाद्यपदार्थांचे दालन उघडले, ते एकेकाळच्या फिनिक्स मिलच्या आवारातील पॅलेडियम मॉलमध्ये. त्याच गिरणगावात कोकण आणि घाटावरून आलेल्या एकट्या गिरणी कामगाराला घरोघरच्या खानावळवाल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जेवू घातले होते. हिशेब पगाराच्या दिवशी; तोवर किराणा उधारीचा आणि व्याज सावकाराचे. या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खानावळींचे गिऱ्हाईक गेले, आणि त्या जमिनीवर परदेशी चीज आले. पुढे फ्यूचर समूह कर्जात बुडाला, तेव्हा ते दालनही उरले नाही. भांडवलाला ना गिरणीची माया, ना चीजची.

यावर काही कार्यकर्ते म्हणतील की, कॅफे आणि चोखंदळ खाणे हे श्रीमंतांचे चोचले. चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य? ही भूमिका चुकीची आहे. चव हा काही वरच्या वर्गाचा राखीव हक्क नव्हे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने अमेरिकेची लाल मिलो खाल्ली, कारण दुसरे काही नव्हते. नंतर रेशनने गहू-तांदूळ दिला, शेतात सोयाबीन आणि कापूस आला, आणि ज्वारी पिकविणाऱ्याच्याच घरातून भाकरी मागे सरली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य किलोला १ रुपया दराने देण्याची तरतूद झाली, परंतु रेशनच्या पिशवीत गहू-तांदळाचेच राज्य राहिले. आता तीच ज्वारी ‘श्रीअन्न’ झाली आणि शेतमजुराच्या आवाक्याबाहेर निघाली. हा चोचल्यांचा नव्हे, वर्गाचा प्रश्न आहे.

उपाहारगृह कष्टकऱ्यांनी चालवावे ही कल्पना काही स्वप्नाळूंची नाही. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद करून नोकरांना घरी बसविण्याचे ठरविले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने त्या नोकरांनीच १९५७-५८ पासून सहकारी संस्था काढून ‘इंडियन कॉफी हाऊस’ उभी केली. पुण्यात हमाल पंचायतीने बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कष्टाची भाकर’ चालविली. तेथे हमालाला परवडणारे जेवण मिळाले आणि कष्टकरी बायांना काम. राहिला सहकाराच्या बदनामीचा मुद्दा. मराठवाड्यात सहकार म्हटले की साखरसम्राट आठवतो, आणि तो आक्षेप खरा आहे. परंतु कारखाने बुडाले ते सभासद मालक असल्यामुळे नव्हे, तर त्यांना कधी मालक होऊच न दिल्यामुळे.

जालन्यात ही सामग्री हाताशी आहे. पोलादाच्या कारखान्यांतील बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर आणि मोंढ्यातील हमाल-मापाडी यांना रोज दोन वेळचे जेवण हवेच आहे. समृद्धी महामार्गाने प्रवासीही दारात आणून सोडला आहे. मानांकित ज्वारीचे उत्पादक, बचत गटांच्या बाया आणि हमाल यांच्या संयुक्त सहकारी संस्थेला बाजार समितीच्या आवारात मोक्याचा गाळा नाममात्र भाड्याने मिळावा. तेथे गिरणी, भाकरीचे उपाहारगृह आणि ज्वारी-तूर-मोसंबीचे दुकान एकत्र असावे. आणि रेशनवरील ज्वारी सरकारने जिल्ह्यातच आधारभूत भावाने खरेदी करावी. पक्षाच्या तालुका शाखांनी समितीच्या संचालकांपुढे ही मागणी लेखी ठेवावी आणि गाळेवाटपाची यादी जाहीर करून मागावी.