वाक्यांतील कर्ता कोण?

कादंबरी वाचतांना आपलें लक्ष कथानकाकडे, स्वभावचित्रांकडे, फार तर वर्णनांकडे असतें. व्याकरणाकडे सहसा नसतें. व्याकरण हा शाळेंतील विषय, परीक्षा झाली कीं त्याचा नि आपला संबंध तुटला, असा समज सुशिक्षित घरांतूनहि आढळतो. आमचें मत निराळें आहे. पात्र काय बोलतें यावरून त्याचे विचार कळतात. परंतु तें नकळत कोणती विभक्ति, कोणतें वचन व कोणता प्रयोग योजतें यावरून, जगांत स्वतःची व दुसऱ्याची जागा तें कोठें मानतें, हें कळतें.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरीच घ्या. ती १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते. तिचा ‘मी’ अगदीं स्पष्ट आहे. परंतु पतीचा विषय निघाला कीं ‘इकडून’, ‘इकडे’ असे शब्द येतात. ‘ते जेवले’ असें न म्हणतां ‘इकडून जेवण झालें’ म्हणावयाचें! क्रिया घडली, पण ती करणारा प्रथमा विभक्तींत यावयाचा नाहीं; माणसाची जणूं दिशाच झाली. पतीचें नांव घेऊं नये ही रूढि येथें व्याकरणांत उतरली आहे. मात्र या शब्दांत नुसता धाकच असतो असें नव्हे. यमूच्या मुंबईंतील सुखाच्या दिवसांत त्याच शब्दाला गोडवा येतो.

हा केवळ कादंबरीकाराचा कल्पनाविलास होता काय? नाहीं. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दानें केला आहे. पुढें १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाई टिळक सरळ ‘टिळक’ असें लिहितात. आदरार्थी वचन कायम आहे. पण टिळक आतां वाक्याचे उघड कर्ते आहेत. ते रागावतात, चुकतात, आणि वाचकाला हंसूंहि येतें. ‘इकडून’ पासून ‘टिळक’ पर्यंतची ही वाट आमच्या समाजानें सुमारें पन्नास वर्षांत चालली, आणि ती सर्वनामांतून स्पष्ट दिसते.

प्रयोगांचेंहि तसेंच आहे. सासूबाईंच्या हातून कपबशी पडली तर ‘कपबशी फुटली’. सुनेच्या हातून पडली तर ‘हिनें कपबशी फोडली’! एका वाक्यांत कर्ता लपला, दुसऱ्यांत मुद्दाम पुढें ओढला. ‘तिचें केशवपन झालें’ हें वाक्यहि एके काळीं घरोघर असेंच सहज उच्चारलें जाई. जणूं केस आपोआप उतरले! यमूवर बळजबरी करणारीं माणसें होतीं, आणि हरिभाऊंनीं शंकरमामंजींसारखीं तीं माणसें नांवानिशीं वाचकापुढें उभीं केलीं. दडलेला कर्ता त्यांनीं उघड्यावर आणला, यांतच त्या कादंबरीचें बळ आहे.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेदहि विसरतां कामा नये. ‘आमच्या घरांत असें चालत नाहीं’ असें सुनेस सांगितलें म्हणजे तिला उंबऱ्याबाहेर उभें केलें. ‘आपल्या घरांत’ म्हटलें कीं ती आंत आली. कित्येक परक्या भाषांना या दोहोंसाठीं एकच शब्द पुरतो. मराठीनें दोन दिले आहेत. त्यांतील कोणता योजावयाचा हें बोलणाऱ्याच्या मनावर आहे.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. एकेरी वचन म्हणजे अनादर, असा झटपट निष्कर्ष कोणी काढूं नये. पेणजवळच्या गडबसारख्या गांवीं आगरी बोली कानावर पडते. तींत वडीलधाऱ्यांसहि ‘तू’ म्हणण्याची चाल आहे, आणि शहरांतील मंडळी तिला हंसतात. पण आपणहि आईला ‘तू’ म्हणतों, देवालाहि ‘तू’च म्हणतों, वडिलांशीं मात्र ‘तुम्ही’ने बोलणारीं घरें पुष्कळ. मग आई व देव यांविषयीं आपला आदर कमी समजावयाचा काय? वचन एकटें साक्ष देत नाहीं. बोलणारा कोण, ऐकणारा कोण व घरची चाल कोणती, हें तिघांना एकत्र पाहून ठरवावें लागतें.

आमच्या वाचकांस एक सूचना. रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील मुलामुलींस जवळ बसवून एखाद्या कादंबरीचें प्रकरण मोठ्यानें वाचावें, आणि प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याशीं थांबून विचारावें: येथें कर्ता कोण, आणि तो दिसत नसेल तर कोणी लपविला? मुलें हा खेळ लवकर शिकतील. थोड्याच दिवसांत तीं घरांतील आपल्या बोलण्यालाहि तोच प्रश्न लावूं लागतील. त्या वेळीं वडील मंडळींनीं रागावूं नये.